कागदावरचं दुसरं लग्न

सरकारी कागदावर माझं दुसरं लग्न सात महिने टिकलं. नवरा कोण, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. गाव नव्हतं, तारीख नव्हती, साक्षीदार नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात नुसता एक शब्द होता, पुनर्विवाह, आणि तो खोडून घ्यायला मला माझं कॉलेज द्यावं लागलं.

हसू येण्यासारखंच आहे. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

आमचं गाव मोहगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. घरी सासरे, दीर, धाकटी जाऊ, मी आणि माझी लेक. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. संत्र्याची बाग आणि थोडा कापूस, खाऊनपिऊन बरं चाललेलं घर. माझा नवरा ट्रक चालवायचा. आंबिया बहाराची संत्री पोचवून परत येताना रस्त्यातच तो गेला. मी एकोणतीस वर्षांची होते आणि लेक सहा. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. ते दुःख माझं आहे आणि त्याला कोणी पुरावा मागितला नव्हता. पुरावा मागितला तो नंतरच्या गोष्टींचा.

तीन वर्षं मी घरात राबले. राबण्याला माझी ना नव्हती. पण घरात मी कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पाहुणे आले की मामाजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांची ओळख करून द्यायचे आणि माझ्यापाशी आले की पाण्याचा तांब्या उचलायचे. लग्नाआधी मी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. सौंसरला मास्तरकीचा दोन वर्षांचा कोर्स आहे, वयाची आडकाठी नाही, हे मला लेकीच्या शाळेतल्या बाईंकडून कळलं. मी आठ दिवस मनात ठेवलं आणि नवव्या दिवशी मामाजी जेवायला बसले असताना बोलून टाकलं.

त्यांनी जेवण संपवलं. हात धुताना म्हणाले, "शीक. मी मना नाई करत. पन घरचा पैसा मांगायचा नाई. बसभाड्यालेबी नाई. तुयी पेन्शन हाये, त्याच्यात भागव."

मला तेवढं पुष्कळ होतं. माणूस वाईट नव्हता. आजही नाही.

तर पेन्शन. आम्ही घरी मराठी बोलतो, पण राज्य हिंदीवाल्यांचं, आणि इथे सरकारी कागदावर विधवा म्हणत नाहीत, कल्याणी म्हणतात. कोणी सुचवलं असेल देव जाणे. रक्कम सांगायला लाज वाटेल एवढीच, पण गावातून मोहगाव, मोहगावहून सौंसर, एवढं येण्याजाण्याचं महिन्याचं भाडं त्यात बसत होतं, आणि वर लेकीच्या वह्या. फी शिष्यवृत्तीतून जायची होती. ती वर्षाच्या शेवटी येते, कॉलेज तोवर थांबायला तयार होतं. त्यांची अट एकच: हजेरी ऐंशी टक्के. सकाळी साडेदहा ते चार, रोज.

प्रवेश घेण्याआधी मी सरळपणाने विचारायला गेले होते. सौंसरच्या जनपद कार्यालयात, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीत, पेन्शनचं काम चालतं. मी विचारलं, पूर्णवेळ शिकणाऱ्या बाईला कल्याणी पेन्शन चालते का? पहिल्या टेबलावरचा म्हणाला, "क्यों नहीं चलेगी?" दुसरा म्हणाला, "पेंशन बेसहारा के लिए है. कॉलेज जा रही हो, मतलब सहारा है." मी त्याला म्हटलं, सहारा असता तर बत्तीसाव्या वर्षी कॉलेजात कशाला गेले असते? त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्याच्या टेबलावर काहीतरी सांडलं आहे. शेवटी एक म्हातारे बाबू होते, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच सांगितलं, "कहीं लिखा नहीं है कि नहीं मिलेगी. पर बताना मत किसी को. पूछोगी तो कोई न कोई लिख देगा."

तो सल्ला मी मानला. त्यानंतर मी कॉलेजात जाते हे कुठल्याच सरकारी टेबलावर सांगितलं नाही. चोरी नव्हती, पण चोरासारखी वागू लागले.

कॉलेजचे दिवस मात्र मी कशाशीही बदलून दिले नसते. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी. पहिल्या दिवशी मी दारातून आत गेले तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. मग आठवडाभर मला त्याच नावाने चिडवत होत्या. मी नोट्स उतरवायची, पाठाचे तक्ते काढायची, घरी येऊन लेकीला समोर बसवून तिच्यावर पाठाचा सराव करायची. ती मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची, मला राग येतो का ते बघायला. भागाकार शिकवताना मला जेवढा आनंद झाला आहे तेवढा मला आयुष्यात फार कमी गोष्टींनी झाला आहे. हे वाचून कोणी हसलं तर हसो.

त्यातल्याच एका पोरीने पंधरा दिवसांनी विचारलं, "ताई, तुम्ही टिकली काहून नाई लावत?" मी सांगितलं. मग तिने स्वतःच्या पाकिटातली एक छोटी काळी टिकली काढली आणि मला न विचारता माझ्या कपाळावर दाबून बसवली. तिचा अंगठा थंड होता. मी ती काढली नाही. संध्याकाळी बसमध्ये मोहगाव आलं तेव्हा आठवण झाली, मग काढून मोबाइलच्या मागे चिकटवली. दुसऱ्या दिवशी जाताना तीच लावली.

ती सवयच झाली. मोहगावच्या स्टँडवर लावायची, परतताना तिथेच काढायची. मामाजींनी टिकली लावू नको असं मला कधी म्हटलं नव्हतं. पण आमच्या गावात काही गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत.

जावेला मात्र कळलं. माझा मोबाइल तिनेच चार्जिंगला लावला होता. पुढच्या बाजाराला मोहगावहून येताना भाजीच्या पिशवीत काळ्या टिकल्यांचं एक पाकीट होतं, ते तिने माझ्या पुस्तकात ठेवलं. वयाने ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. मला बाई म्हणते. मी कॉलेजला गेल्यावर सकाळची सगळी भांडी, झाडलोट, मामाजींचं जेवण तिच्या एकटीवर पडायचं आणि तिने त्याचं कधी तोंड वाकडं केलं नाही. घरात मला एवढं जपणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पुढचं लिहिताना मला जास्त जड जातं.

दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. एका संध्याकाळी गावाच्या मोबाइल ग्रुपवर निरोप आला: उद्या सगळ्या पेन्शनवाल्यांची घरोघर पडताळणी, दारात बसवून फोटो काढणार, जो सापडणार नाही त्याचं नाव कटेल. आणि कॉलेजच्या फळ्यावर चार दिवसांपासून लिहिलेलं होतं: उद्या शिष्यवृत्तीची पडताळणी, वरून माणसं येणार, प्रत्येकाने जातीने बाकावर हजर राहावं.

दोन्ही सरकारच. एकाला मी दारात हवी होते, दुसऱ्याला बाकावर, आणि वेळ एकच. दारात नसले तर बसभाडं गेलं, बाकावर नसले तर फी गेली.

खोटं कशाला बोलू, मीच जावेला सांगितलं. सकाळी डबा भरताना म्हटलं, "तो आला तर तूच बैस माझ्या जागी. पदर पुढं घे. त्याला काय कळते." पंचायतीची मोबाइलवरची कामं करणारा तो रोजगार सहायक नवीन होता, पलीकडच्या गावचा. आमच्याकडे बाया परपुरुषासमोर पदर नाकापर्यंत ओढतात, त्यामुळे कोण कोणती हे त्याला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता.

ती म्हणाली, "बाई, मले भेव वाटते."

"भ्यायचं काय? एक फोटो तर हाये. तो बटन दाबीन अन् जाईन."

आणि मी बसला पळाले. आमच्या घरातलं सगळं पुढचं या एका घाईत झालं. तिच्या कपाळावर लाल टिकली आहे, गळ्यात काळी पोत आहे, हातात हिरव्या बांगड्या आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विधवेच्या फोटोसाठी मी सवाशिणीला बसवत होते आणि मला ते सुचलं नाही. दीड वर्ष मीही रोज पाच-सहा तास टिकली लावून वावरत होते, त्यामुळे असेल. मी कोण आहे याचा मला स्वतःलाच विसर पडू लागला होता, आणि त्या विसरण्यात मला बरं वाटत होतं.

त्या दिवशी कॉलेजची पडताळणी नीट झाली. वरून आलेल्या बाईंनी माझं वय बघून माझी पाठ थोपटली. घरी आले तर जाऊ म्हणाली, झालं, काढला फोटो. एवढंच. तिने डोळे वर केले नाहीत, पण मी तक्ते रंगवायच्या गडबडीत होते.

दोन महिने पेन्शन जमा झाली नाही. असं अधूनमधून होतं, म्हणून मी थांबले. मैत्रिणीकडून थोडे घेतले, काही दिवस मोहगावपर्यंत चालत गेले. तिसऱ्या महिन्यात जनपदला गेले. म्हातारे बाबू निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीवर जो होता त्याने माझा नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आपने शादी कर ली है."

मी हसले. खरंच मोठ्याने हसले. म्हटलं, कोणाशी?

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. आमचं दार. दाराशी पाटावर बसलेली बाई, पदर भुवयांपर्यंत, पण फोटो काढणाऱ्याने मान वर करायला सांगितली असणार, कारण पदर जरासा मागे सरकला होता आणि पदराच्या काठाखाली लाल टिकली दिसत होती. पोतही दिसत होती. चेहरा सावलीत होता. खाली लिहिलेलं: पुनर्विवाह, अपात्र.

माझं हसू तिथेच विरलं. ती मी नव्हेच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मग ती कोण, हा पुढचा प्रश्न होता.

घरी आले तेव्हा जाऊ चुलीपुढे भाकरी टाकत होती. मी उभ्या उभ्याच तिला झापलं. एवढी अक्कल नाही तुला, निदान टिकली तरी काढायची होती, एक मिनिट, अर्धं मिनिट. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. मग म्हणाली, "हात कपाळापावतर गेला होता बाई. पन पुढं नाई गेला. ते बागेत पाणी देऊन राहिले होते. इंजिनाचा आवाज येऊन राहिला होता. कसा पुसू मी?"

ते म्हणजे तिचा नवरा, माझा दीर. जिवंत, बागेत, हाकेच्या अंतरावर. मी तिला काय सांगितलं होतं ते मला त्या वेळी समजलं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी तिथून निघून गोठ्यात जाऊन बसले. माझं कपाळ ज्या दिवशी पुसलं गेलं त्या दिवशी माझे हात दोघींनी धरले होते, आणि मी हिला म्हणत होते, आपल्या हाताने पूस, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरं सांगण्याचा रस्ता होता. जनपदला जाऊन म्हणायचं, फोटोतली बाई माझी जाऊ आहे. पण मग दुसऱ्याच्या नावावर बसल्याबद्दल तिच्यावर ठपका आला असता, घरातल्या बाईला महिन्याला जे सरकारी पैसे मिळतात ते तिचेही बंद झाले असते, आणि पोलिसात गेलं तर काय याची मला कल्पना नव्हती. तिने विचारलंसुद्धा नाही, तुम्ही माझं नाव सांगाल का म्हणून. मी मनाशी ठरवलं, हे नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आयुष्यात ठरवलेल्या गोष्टींपैकी ही एक मी पाळली.

नंतर कळलं की जे पहिल्या दिवशी सापडले नव्हते त्यांच्यासाठी तो रोजगार सहायक दोन दिवसांनी पुन्हा आला होता. रविवारी. मी घरीच होते त्या दिवशी, धुणं धूत होते. तो आमच्या दारावरून गेला, कारण आमच्या घराचं काम त्याच्या लेखी झालेलं होतं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आम्हाला छिंदवाड्याला जावं लागत नाही. मंगळवारी पांढुर्ण्यालाच मोठे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, जनसुनवाई म्हणतात त्याला. मी एक मंगळवार कॉलेज बुडवून गेले. हॉलमध्ये ही गर्दी. माझा नंबर दुपारी लागला. टेबलापलीकडच्या अधिकारी बाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, हे मला आवडलं. मग विचारलं, "काम क्या करती हैं आप?"

मी दमले होते. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "पढ़ती हूँ."

"बहुत अच्छा," त्या म्हणाल्या आणि खरोखर कौतुकाने हसल्या. अर्जावर त्यांनी लिहिलं: गावात जाऊन चौकशी करावी, पाच जणांचा पंचनामा आणि सासरच्या वडीलधाऱ्याची सही घ्यावी. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: अर्जदार नियमित विद्यार्थिनी आहे. माझ्या भल्यासाठीच लिहिलं असेल. मी तो अर्ज छातीशी धरून परत आले.

पंचनामा पंचायत भवनाच्या ओट्यावर झाला. जनपदचा एक माणूस खुर्चीवर, समोर सतरंजीवर पाच शेजारी, बाजूला मामाजी. मी खांबाला टेकून. मी लग्न केलेलं नाही हे त्या पाचही जणांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. दोघांनी तर माझ्या नवऱ्याला खांदा दिला होता. पाच मिनिटांचं काम होतं.

जनपदच्या माणसाने अर्ज वाचला आणि विचारलं, "रोज़ सौंसर जाती है. वहाँ किसके पास जाती है?"

पाचही जण सतरंजीकडे बघू लागले. मी म्हटलं, कॉलेजात. तो म्हणाला, आपसे नहीं पूछा.

मग पाचांतला किराणा दुकानवाला घसा साफ करत म्हणाला, "कालेजातच जाते म्हन्तात. आमी काई पाह्याले गेलो नाई." आणि थोडं थांबून, "मोहगावच्या स्टँडवर टिकली लावते बाई. हे मी सोताच्या डोयानं पाह्यलं. खोटं नाई बोलनार."

तो खोटं बोलला नव्हता. हीच तर पंचाईत होती. फोटोत टिकली, स्टँडवर टिकली. दोन्ही जुळलं. जनपदच्या माणसाने लिहायला सुरुवात केली आणि मला मामाजींकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी येताना ते माझ्या पुढे चालत होते. अंगणात आल्यावर त्यांनी जोडे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग म्हणाले, "तुनं लग्न केलं नाई हे मले मालूम हाये. त्या फोटोत कोन हाये हेबी मले मालूम हाये. माह्याच दारातली सून मी नाई ओयखणार?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊ ऐकत होती.

"सही मी देतो," ते म्हणाले. "कोनाचं नाव नाई घेत. पन मी लिहून देणार का माही सून घरी राह्यते. घरी राह्यते असं लिहून द्याचं तं तू घरी दिसली पाह्यजे. तो मानूस पुन्हा पाह्याले येणार हाये. कवा येईल नेम नाई. तो येईपावतर सौंसर बंद."

मी म्हटलं, माझी हजेरी कमी पडेल.

"मंग तुयं तू पाह्य," ते म्हणाले, "पेन्शन नाई तं कालेज कशाच्या भरवशावर करतं?"

त्यांचं चूक कुठे होतं ते मला दाखवता आलं नाही. पेन्शन हवी तर घरी बसलेली विधवा दिसायला हवं. घरी बसले तर कॉलेज जातं. कॉलेजसाठी तर पेन्शन हवी होती. मी हे सगळं अंगणात उभी राहून दोनदा मनात फिरवलं, भागाकारासारखं, आणि दोन्ही वेळा बाकी शून्य आली नाही. तरी मी थांबायचं ठरवलं. वाटलं, पंधरा दिवसांत येईल. माझी हजेरी तेवढी सोसू शकत होती. आणि सही नसती तर चौकशी पोलिसांपर्यंत, मग जावेपर्यंत गेली असती, हेही मनात होतं.

पंधरा दिवस गेले. मी रोज सकाळी साडेनऊला आंघोळ करून, कॉलेजची साडी नेसून दाराशी बसायची. का नेसायची, माहीत नाही. लेक शाळेत जाताना मला बघायची. वर्गातल्या पोरींचे फोन यायचे. त्यांनी चार दिवस माझ्या नावाला "उपस्थित" म्हणून पाहिलं, पण मग अंगठ्याचं मशीन आलं होतं आणि माझा अंगठा त्यांच्याकडे नव्हता. ते सांगताना त्या हसल्या. मला नाही हसता आलं. माझ्या जागी कोणीतरी बसावं, ही वेळ मी एकदा आणली होती आणि ती पुरली होती.

जनपदचा तो माणूस सातव्या आठवड्यात आला. मी दारातच होते. त्याने पाट मागितला, तोच पाट. जाऊ आत होती, बाहेर आलीच नाही. पाट लेकीने आणून दिला. तो म्हणाला, पदर डोक्यावर घ्या, जरा वर बघा. मी वर बघितलं. त्याने फोटो नीट आला का ते पडद्यावर मोठं करून पाहिलं, कपाळावर बोट ठेवून मोठं केलं, आणि म्हणाला, हां, अब ठीक है.

दुसऱ्या दिवशी मी सौंसरला गेले. नोटीस बोर्डावर परीक्षेला बसू न शकणाऱ्यांची यादी होती. वर्गातून माझा एकच नंबर होता. प्राचार्य सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घ्या, आम्ही नाही म्हणणार नाही. शिष्यवृत्ती मात्र एकाच वर्षासाठी दोनदा मिळत नाही. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली, त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "ताई, सांगू नका. मला काही करता येणार नाही आणि मग मला त्रास होईल." त्यांचा मला राग आला आणि अजूनही येतो, पण त्यांनी खोटा धीर दिला नाही.

महिन्याभराने पेन्शन सुरू झाली. मधल्या सात महिन्यांची आली नाही. कागदावर मी पुन्हा कल्याणी झाले.

पुस्तकं मी लेकीच्या शाळेतल्या बाईंना दिली, त्यांच्या ओळखीतल्या कोणाला लागत होती. तक्ते ठेवले. जाऊ आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. पण त्यानंतरच्या बाजारातून ती आली तेव्हा माझ्या पांघरुणाच्या घडीत काळ्या टिकल्यांचं नवं पाकीट होतं. ते मी फोडलेलं नाही. फेकलेलंही नाही. तिने एकदाच विचारलं, "बाई, तुम्ही माह्यावर रागावल्या हाय का?" मी नाही म्हटलं. खरंच नाही. माझ्यासाठी ती कपाळापर्यंत हात घेऊन गेली होती, तेवढं माझ्यासाठी कोणीच गेलं नाही.

दर वर्षी पडताळणी होते. आता तो रोजगार सहायक मला ओळखतो. यंदा तो दुपारी बाराला आला तेव्हा मी आधीच पाट टाकून ठेवला होता. त्याने फोटो काढला, यादीवर खूण केली आणि ताक पिता पिता म्हणाला, "बाकीच्या बाया कवा वावरात, कवा माहेरी. चारचार चकरा मारा लागते. तुमचं बरं हाये ताई. कवाबी या, तुम्ही घरीच भेटता."

"हो," मी म्हटलं, "मी घरीच असते."